पॅनडॉक + डॉकर : लॅपटॉपवर ‘पिन’, कंटेनरमध्ये ‘पनि’

माटोळी (डिचोली)

नमस्कार. बसमधून मोबाइलवर लिहितेय, कमांडसुद्धा देवनागरीतच टाइप झाल्यात, समजून घ्या.

वेर्ण्याला एका छोट्या कंपनीत मी मॅन्युअलं लिहिते. काजूगर पाकिटात भरून सील करणारी मशीनं आम्ही बनवतो. गिऱ्हाइकं फोंडा-डिचोलीकडची आहेत, पण जास्त करून वेंगुर्ला, आजरा, चंदगड बाजूची. तिथं मशीनवर उभ्या असलेल्या बायका मॅन्युअल खरंच उघडून बघतात, आणि मराठीतच बघतात. त्यामुळे मराठी प्रत आमच्याकडे शोभेची नाही.

मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा घातलेला साधा मजकूर) आहे, एका प्रकरणाची एक अशा १४ फायली, सगळ्या गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम). ‘मेक’ म्हटलं की मेकफाइलमध्ये लिहिलेली कमांड चालते, पॅनडॉक त्या फायली जोडतो आणि झीलाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामकडून पीडीएफ काढून घेतो. तीन वर्षं हे माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चाललंय. गेल्या महिन्यात साहेब म्हणाले, “चवथीला तू पाच दिवस नसतेस. तेव्हा कुणी मॅन्युअल मागितलं तर?” प्रश्न रास्त होता. म्हणून ठरवलं, सगळं डॉकरमध्ये घालायचं (लागणारे सगळे प्रोग्राम एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतो तो), म्हणजे ऑफिसातल्या कुठल्याही मशीनवर एका कमांडीत तीच पीडीएफ निघेल.

पॅनडॉकवाल्यांचीच लाटेकसकटची तयार इमेज (जिच्यावरून कंटेनर उघडतो ती) घेतली, फोल्डर आत जोडलं, मेकफाइलमधली कमांड जशीच्या तशी चालवली. पीडीएफ आली, ९६ पानांची. त्यात मराठीचं एक अक्षर नाही! आकडे आहेत, ‘पीएलसी’सारखे रोमन लिपीतले शब्द आहेत, बाकी कोरं. श्रावणात भटजींनी पान वाढायला सांगून नंतर जेवायला यायचं विसरावं, तसं. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’च्या शेकडो ओळी.

ठीक, फॉन्ट नाही म्हणून असेल. इमेजमध्ये नोटो सान्स देवनागरी घातला, मार्कडाउनच्या डोक्यावर ‘मेनफॉन्ट’ म्हणून त्याचं नाव दिलं. आता अक्षरं उमटली, पण अशी:

“पनि काढा.” (पिन काढा)
“चावी उजवीकडे फरिवा.” (फिरवा)

पहिली वेलांटी पुढच्या अक्षराच्या पाठीवर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून मध्ये हलन्त दिसतो. हेच लॅपटॉपवर काढलं तर सगळं स्वच्छ. फायली त्याच, मेकफाइल तीच, पॅनडॉकची आवृत्तीसुद्धा मुद्दाम तीच घेतली. दोन दिवस यात गेले.

शिवाय दोन बारीक कटकटी. कंटेनरने काढलेली पीडीएफ ‘रूट’च्या (लिनक्समधला सर्वाधिकारी) मालकीची होते, मला ती पुसायला सुडो, म्हणजे रूटचा अधिकार, लागतं. आणि पहाटे पाचला उठून काढलेल्या प्रतीवर कालची तारीख छापून आली.

मी लेखिका आहे, लिनक्सवाली नाही. कुणी सांगेल का कंटेनर नेमकं काय मोडतंय?

---

साधा_माणूस (मडगाव)

१४ फायली, मेक, पॅनडॉक, लाटेक, वर डॉकर. ताई, मॅन्युअल काढताय की तोफ डागताय? लिब्रेऑफिसमध्ये एक फाइल करा, पीडीएफवर क्लिक करा, घरी जा.

---

माटोळी

तसंच करत होतो, माझ्या आधी. एका मशीनचे तीन प्रकार आहेत, १४ पैकी ११ प्रकरणं तिन्हींना सारखी. तीन फायलींत तीच दुरुस्ती तीनदा करायची आणि चौथ्या महिन्यात एकीत राहून गेलेली असायची. सीलिंगचं तापमान एका प्रतीत जुनं राहिलं आणि गिऱ्हाइकाची पाकिटं वितळली, तेव्हापासून आमच्याकडे ती पद्धत बंद.

---

पोदेर (फोंडा)

माटोळीताई, कंटेनरने काहीही मोडलेलं नाही. उलट तुमच्या लॅपटॉपवर असं काहीतरी आहे जे गिटमध्ये नाही, आणि ते तुम्हाला माहीत नाही. कंटेनर फक्त ते नसताना काय होतं ते दाखवतोय.

एक करा. लॅपटॉपवर ‘पॅनडॉक --व्हर्जन’ चालवा. खाली ‘यूजर डेटा डिरेक्टरी’ अशी एक ओळ येते. सहसा तुमच्या होम फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात ती असते. त्यात काय आहे ते इथं टाका. ‘टेम्प्लेट्स’ नावाचं उपफोल्डर सापडेल आणि त्यात ‘डीफॉल्ट डॉट लाटेक’ नावाची फाइल असेल, यावर माझी एक रॉस ऑम्लेटची पैज.

कारण असं, की त्या जागी त्या नावाची फाइल दिसली तर पॅनडॉक स्वतःचा मूळ साचा सोडून ती उचलतो. बोलत काही नाही. कमांडीत उल्लेख नाही, मेकफाइलमध्ये नाही. कंटेनरमध्ये होम फोल्डरच वेगळं, तिथं ती फाइल नाही, मग मूळ साचा आला. मूळ साच्याचा फॉन्ट लॅटिन मॉडर्न, त्यात देवनागरी नाही. म्हणून पहिल्या खेपेला कोरी पानं.

रूटची भानगड: कंटेनरच्या आत सहसा सगळं रूट म्हणूनच चालतं, आणि बाहेरच्या फोल्डरात लिहिलं की मालकीही त्याचीच राहते. ‘डॉकर रन’ला ‘--यूजर’ देऊन तुमचा स्वतःचा यूजर क्रमांक आणि गट क्रमांक सांगा. पण मग दुसरी खुसपट निघते. त्या क्रमांकाचा माणूस कंटेनरला ओळखीचा नसतो, त्याला होम फोल्डर नसतं, आणि फॉन्ट शोधून देणारा फॉन्टकॉन्फिग ‘कॅशे लिहायला जागा नाही’ म्हणून कुरकुरतो. ‘होम’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ‘/टीएमपी’ करून टाका, गप्प बसेल.

तारीख सोपी आहे. कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आत जे काढाल त्यावर कालचीच तारीख येणार. ‘टीझेड’ या वेळेच्या व्हेरिएबलला ‘एशिया/कोलकाता’ द्या. तुमची इमेज आल्पाइन या छोट्या लिनक्सवर असेल तर आधी ‘टीझेडडेटा’ पॅकेज घालावं लागेल, आल्पाइनमध्ये ते मुळात नसतं.

वेलांटीचं मात्र मला नीट सांगता येणार नाही. जुळारीकाका आहेत का इथं?

---

जुळारी (पणजी)

आहे, आहे. वीज गेली होती.

बाय, मी पणजीत एका छापखान्यात खिळे जुळवायचो. ‘पिन’ जुळवायचा तर आधी वेलांटीचा खिळा, मग प, मग न. डोळ्याला जे आधी दिसतं ते स्टिकात (खिळे जुळवायच्या पट्टीत) आधी. संगणकात उलटं आहे. यूनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: प, मग वेलांटी, मग न. ती वेलांटी उचलून पच्या अलीकडे नेऊन ठेवणारा कुणीतरी लागतो. तो न आला तर वेलांटी साठवलेल्या जागीच उमटते, म्हणजे प आणि न यांच्या मध्ये, आणि वाचणाऱ्याला ती नची वाटते. तुझा ‘पनि’ तो हा.

उचलून ठेवणारा तुझ्या इमेजमध्ये हजर आहे. हार्फबझ त्याचं नाव, झीलाटेकच्या पोटातल्या झीटेकमध्ये तो आतच असतो. पण कुठल्या लिपीचे नियम लावायचे ते त्याला सांगावं लागतं. झीलाटेकमध्ये फॉन्ट लावायचं काम फॉन्टस्पेक नावाचं पॅकेज करतं, आणि आपण लिपी सांगितली नाही तर ते देवनागरी गृहीत धरत नाही. तू ‘मेनफॉन्ट’ दिलास, लिपी दिली नाहीस. मार्कडाउनच्या डोक्यावर त्याच्याच खाली ‘मेनफॉन्टऑप्शन्स’ लिही आणि त्यात ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ दे. अर्थात हे शब्द रोमनमध्ये लिहायचे. वेलांटी जागेवर येईल, जोडाक्षरं जुळतील.

झीलाटेकऐवजी पीडीएफलाटेक वापरायचा मोह कुणी दाखवला तर ऐकू नकोस, त्याला हे जमत नाही. लुआलाटेकवर जायचं झालं तर तिथं ‘रेंडरर=हार्फबझ’ हेही सांगावं लागतं.

आता एवढं करतेच आहेस तर आणखी एक ओळ लिही: ‘लँग्वेज=मराठी’. देवनागरी म्हटलं की बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श काढतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श ज्या फॉन्टात वेगळे कोरलेले आहेत, तो फॉन्ट ही ओळ वाचून ते बाहेर काढतो. फॉन्टात नसतील तर काही बिघडत नाही. वेंगुर्ल्याच्या बाईला हिंदी श वाचता येतोच. पण आपल्या अक्षराला आपलं वळण असलं की पान घरचं दिसतं. हे माझं खूळ म्हण हवं तर.

आणि ‘दुसऱ्या’ असल्या शब्दांतला ऱ्या तपास. आपल्याकडे दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य ही एक, ती टिकाऊ. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. कुठल्याशा एडिटरने साफसफाई करताना ते न दिसणारं चिन्ह खाल्लं की तुझ्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि त्यात कंटेनरचा काही दोष नसतो. १४ फायलींत एकदा शोध घे.

---

माटोळी

पोदेर, रॉस ऑम्लेट लागू. मडगावला आलात की सांगा, नाही तर फोंड्यालाच देते.

टेम्प्लेट्स फोल्डर आहे. आत ‘डीफॉल्ट डॉट लाटेक’ आहे. फाइलवरची तारीख माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली. हा लॅपटॉप माझ्या आधीच्या सहकाऱ्याने मला लावून दिला होता, तो नंतर दुबईला गेला. त्याने साच्यातच फॉन्ट ठोकून ठेवला होता, ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ होतं, समासही त्यानेच ठरवलेले. तीन वर्षं मी समजत होते की पॅनडॉकला आपोआप मराठी येतं!

आणखी एक ओळ होती तिथं, ‘ऑटोफेकस्लँट’. ती का, ते काल कळलं. नोटो देवनागरीला तिरपा फॉन्टच नाही, म्हणून मी ताऱ्यांमध्ये घातलेले शब्द कंटेनरमध्ये सरळच उमटत होते. साचा त्यांना खोटंखोटं तिरपं करत होता. ते मी काढून टाकलं. देवनागरी तिरपी केली की शिरोरेषा वाऱ्यावर धरलेल्या पताकेसारखी दिसते. भर द्यायचा शब्द आता ठळक करते.

काकांच्या दोन ओळी घातल्या. ‘पिन’ पिन झाली, ‘फिरवा’ फिरलं. १४ फायलींत सात ठिकाणी मोडका ऱ्या सापडला, त्यातला एक ‘दुसर्या झडपेवर’ असा गेल्या वर्षी छापूनही गेलाय.

पण एक भूत अजून आहे. मजकूर बरोबर येतो, फक्त बटणांची नावं गायब. “मशीन थांबवण्यासाठी [कोरं] दाबा.” नेमकं तेवढंच. हे वाक्य असं छापून गेलं तर मला कामावरून काढतील आणि ते बरोबरच असेल.

---

पोदेर

बटणांची नावं उलट्या टिकांमध्ये लिहिता का? म्हणजे कोड म्हणून?

---

माटोळी

हो. करड्या पट्टीत छान दिसायची म्हणून.

---

पोदेर

मग तेच. कोडसाठी ‘मोनोफॉन्ट’ वेगळा असतो आणि तो तुम्ही सांगितलेला नाही, त्यामुळे तिथं अजून लॅटिन मॉडर्न मोनो बसलाय. त्यालाही मराठी येत नाही. दोन वाटा: ‘मोनोफॉन्ट’लाही नोटो देवनागरी आणि त्याचं ‘मोनोफॉन्टऑप्शन्स’ द्या, किंवा बटणाच्या नावाला कोड म्हणणं सोडा. ‘थांबा’ हा काही प्रोग्राम नाही. मी दुसरी वाट घेईन.

आणि लॉगमध्ये एक जरी ‘मिसिंग कॅरेक्टर’ आलं तरी मेक तिथंच थांबेल असं करा. पॅनडॉकला ‘--फेल-इफ-वॉर्निंग्ज’ नावाचा पर्याय आहे. तो लावला की इशाऱ्यावरच काम अडतं. थांबवायच्या बटणाचं नाव गायब झालेली पीडीएफ मुळात बाहेर पडताच कामा नये.

आता इमेजबद्दल, कारण चवथीच्या पाच दिवसांत ती तुमच्याविना चालायचीय.

डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी रचायची ते लिहिलेली फाइल) ‘लेटेस्ट’ लिहू नका. आज जी इमेज आहे ती सप्टेंबरात तीच असेल असं नाही. आवृत्तीचा टॅग द्या, त्याहून बरं म्हणजे डायजेस्ट, तो लांबलचक शा २५६वाला आकडा.

फॉन्ट पॅकेजमधून नका घेऊ. नोटो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, त्याची फाइल गिटमध्येच ठेवायला मुभा आहे. रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही ठेवा आणि ऑप्शन्समध्ये फोल्डरचा पथ द्या. पॅकेजवाल्यांनी फॉन्ट नवा केला की ओळी थोड्या हलतात, आणि मग ९६ पानांची ९७ होतात.

आधी पॅकेजं बसवण्याच्या ओळी, फायली आत घ्यायच्या ओळी सगळ्यात शेवटी. डॉकर प्रत्येक ओळीचा थर राखून ठेवतो. वरचा थर बदलला की खालचे सगळे पुन्हा रचतो. उलटं लिहिलंत तर एक स्वल्पविराम बदलल्यावर पूर्ण लाटेक नव्याने उतरवत बसेल. पण तुमचं फोल्डर बाहेरूनच जोडताय, तर फायली आत घ्यायची गरजच नाही.

शेवटी, एकदा ‘--नेटवर्क नन’ देऊन चालवून बघा. इंटरनेटशिवाय पीडीएफ निघाली तर लागणारं सगळं खरंच आत आहे. पावसात आमच्याकडे फायबर तुटली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून मी ही चाचणी सोडत नाही.

---

साधा_माणूस

तापमानाचा किस्सा वाचला. तोफेबद्दलचे शब्द मागे. एक विचारतो, टिप्स्ट वापरून पाहिलंय का कुणी? लाटेकपेक्षा फारच हलकं आहे, एकच फाइल, आणि पॅनडॉक आता त्यातूनही पीडीएफ काढतो. माझ्या मुलीने कॉलेजचा मराठी प्रकल्प त्यात केला, वेलांट्या बरोबर होत्या.

---

जुळारी

पाहिलंय, बरं आहे. पण बायचं चालू गाडं आहे. चवथीच्या तोंडावर बैल बदलू नयेत.

---

माटोळी

शेवटचं कळवते, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर अर्धवट सापडायला नको.

दुबईवाल्याचा साचा लॅपटॉपवरून पुसला. त्यातलं जे खरंच लागत होतं (समास, फॉन्ट, लिपी, भाषा) ते मार्कडाउनच्या डोक्यावर आणलं, म्हणजे गिटमध्ये आलं. लॅपटॉपवर आता थेट पॅनडॉक चालवतच नाही, मीही कंटेनरमधूनच काढते. बटणं ठळक केली. इशारा आला की मेक थांबतो. पहिल्याच दिवशी दोनदा थांबला: एकदा अंश सेल्सिअसच्या चिन्हासाठी, एकदा प्रकरण ९ मधल्या बाणासाठी. तो बाण नोटो देवनागरीत नाही. “वरून खाली” असं लिहिलं.

तारखेला ‘टीझेड’ लावलं होतं, पण मग विचार केला, पीडीएफ कधी काढली याच्याशी गिऱ्हाइकाचा काय संबंध? मजकूर कधी बदलला ते त्याला हवं. आता मेकफाइल गिटमधल्या शेवटच्या नोंदीची तारीख काढून पॅनडॉकला देते, आणि तेच सेकंदांत ‘सोर्स डेट एपॉक’ या व्हेरिएबलमध्येही घालते, म्हणजे पीडीएफच्या आतही तीच वेळ बसते. तीच नोंद ऑफिसच्या पीसीवर आणि माझ्या लॅपटॉपवर काढून दोन्ही पीडीएफ ताडून पाहिल्या. बाइट न् बाइट सारख्या. मी तीनदा बघितलं.

इमेज ऑफिसच्या नेटवरून उतरवायला गेले तर साहेबांची व्हिडिओ मीटिंग अडखळली, मग घरी ‘डॉकर सेव्ह’ करून पेनड्राइव्हवर घेतली आणि कदंबच्या बसने वेर्ण्याला नेली. तिथं ‘डॉकर लोड’. नेट काढून चालवून पाहिलं, निघाली.

स्टोअरमधल्या मुलाला बसवून दाखवलं. त्याने स्वतः कमांड दिली, पीडीएफ उघडली, थेट प्रकरण ६ वर गेला आणि म्हणाला, “ताई, हांगा पिन आधी काढपाची न्हय, आधी हवेचा दाब सोडपाचो.” तो रोज ते मशीन उघडतो. पायऱ्यांचा क्रम चुकीचा होता, तीन वर्षांपासून. आत्ता तोच दुरुस्त करतेय.